विमानातली संकष्टी

माझ्या विहीणबाईंना खिडकी मिळाली आणि मला मधली जागा. तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं, ते अमेरिकेत पोचेपर्यंत थांबलं नाही. त्यातलं थोडं दुखणं उपासाचं होतं, बाकी सगळं विहीणबाईंचं.

माझा मुलगा आणि सून तिकडे असतात. सुनेला पहिला मुलगा झाला. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण सुनेला काही माहेरी येता आलं नाही, म्हणून तिनं माहेरच तिकडे बोलावलं. त्यात वावगं काहीच नव्हतं. मला टोचलं ते मुलाचं बोलणं. तो फोनवर म्हणाला, "आई, मम्मी येतच आहेत, तर तूपण ये त्यांच्या सोबतीला." ज्या पोराला मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून, केदारखेड्याहून भोकरदनला एसटीत उभं राहून ये-जा करून वाढवलं, त्याच्या घरी मी निघाले होते त्याच्या सासूची सोबत म्हणून. विहिणीचा पापड वाकडा असं म्हणतात ते वरमाईबद्दल म्हणतात हे मला माहीत आहे. पण पापड उगाच वाकडा होत नाही, त्याला कोणीतरी धग लावलेली असते.

विहीणबाई जालन्यात राहतात. अंबडकडे त्यांची मोसंबीची बाग आहे, गावात बियाण्यांचं दुकान आहे, आणि घरात वायफाय आहे. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त सलायचं. आमच्याकडे व्हिडिओ कॉल लावायचा तर गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ जावं लागतं, आणि तिथंही नातवाचं तोंड दिसतं न दिसतं तोच चित्र गोठतं. त्या मात्र पलंगावर बसून रोज त्याच्याशी गप्पा मारायच्या. सून कौतुकानं सांगायची, "मम्मीचा आवाज आला की खुदकन हसतो." मी म्हणायचे, हो का, छान. फोन ठेवला की टाकीला टेकून बराच वेळ बसायचे.

व्हिसा दोघींचाही रखडला. बाळंतपण आमच्यावाचून झालं, बारसं झालं, पोर पालथं पडायला लागलं. मदतीला शेजारची एक बाई येते, चांगली आहे, असं मुलगा अधूनमधून सांगायचा. ते आम्ही या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. दोघींचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. दार उघडल्यावर पोर आधी कोणाकडे येणार? विहीणबाईंनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांनी चांदीचा करदोटा करून घेतला होता आणि तो सामानात न टाकता पर्समध्ये ठेवला होता. मीही माझ्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी हातातल्या पिशवीतच ठेवली होती.

विमान कंपनी कुठली होती ते मला आजही नीट उच्चारता येत नाही. आमच्या ओळखीत कोणी त्या विमानानं गेलेलं नव्हतं. आधी मुंबईहून त्यांच्या देशात जायचं, तिथून दुसऱ्या विमानानं अमेरिकेत. काउंटरवरच्या मुलीला विहीणबाई हसून "गुड मॉर्निंग" म्हणाल्या. त्या एकदा सिंगापूरच्या सहलीला जाऊन आल्या आहेत आणि ही गोष्ट त्यांनी जालना ते मुंबई या प्रवासात मला पुरेशी सांगितली होती. त्या मुलीनं त्यांना दोन्ही विमानांत खिडकी दिली. मी मागे उभी राहून पासपोर्ट दोन्ही हातांनी धरला होता. मला तिनं जे उरलं ते दिलं.

त्या दिवशी संकष्टी होती. तिकीट काढणाऱ्या पोरांना तिथी कुठली ठाऊक असणार. आत जाऊन विमानाची वाट बघत बसलो तेव्हा मी चहा घ्यायला उठले आणि विहीणबाईंना विचारलं.

"मला नगं," त्या म्हणाल्या. "आज चतुर्थी हाये ना. राजूरच्या गणपतीला बोलले मी, पोर सुखरूप झालं की वर्षभर चतुर्थ्या करीन म्हणून."

मी खाली बसले. राजूरला नवस मीपण बोलले होते. तोच, तसाच, वर्षभराच्या चतुर्थ्यांचा. केदारखेड्याहून राजूर किती जवळ, मी तिथं लहानपणापासून जाते, आणि ह्या जालन्याहून येऊन माझ्याच गणपतीला माझ्याच नातवासाठी नवस बोलून गेल्या होत्या.

"चहा चालतो की उपासाला," मी म्हणाले.

"माझी चतुर्थी कडक असती, इहीनबाई. पाण्याबिगर काहीच न्हाई. चंद्र पाह्यला की मंगच तोंडात घास."

माझी चतुर्थी कडक नसते. मी चहा घेते, साबुदाणा खाते, आणि पिशवीत गोधडीखाली राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू खास त्या दिवसासाठी बांधून आणले होते. पण मी म्हणाले, "माझीपण तशीच असते." आणि चहाचा विचार सोडून दिला.

पहिल्या विमानात हे जमून गेलं. दुसऱ्या विमानात मात्र हाल सुरू झाले. ते विमान सकाळचं होतं. मी पुन्हा मधे, पलीकडे एक उंच म्हातारा, त्याचे गुडघे पुढच्या खुर्चीत रुतलेले. नव्या चपलांत माझे पाय सुजले होते. विहीणबाई साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज घालून आल्या होत्या. जालन्याहून निघताना मी त्या बुटांना मनातल्या मनात हसले होते. हवाई सुंदरी तिच्या भाषेत काहीतरी घशातून बोलायची, मग इंग्रजीत बोलायची, आणि मला दोन्ही सारखंच कळायचं. विहीणबाईंनाही तेवढंच कळत होतं, पण त्या प्रत्येक वेळी मान डोलवून "थँक्यू" म्हणायच्या. त्याबद्दल त्यांना जास्तीची उशी मिळाली.

समोरच्या पडद्यावर विमान कुठं चाललंय त्याचा नकाशा दिसतो. त्यांचा पडदा लगेच सुरू झाला. माझ्या पडद्यावर मी सगळीकडून बोट दाबलं, तो काळाच राहिला.

"माझ्यात बघा की," त्या म्हणाल्या, आणि आपला पडदा थोडा माझ्याकडे वळवायला गेल्या. तो वळत नव्हता.

जेवणाची गाडी आली. दोघींनी मान हलवली. हवाई सुंदरीला वाटलं आम्हाला जेवण पसंत नाही, म्हणून तिनं झाकण उघडून दाखवलं. भात होता, गरम, वर वाटाणे. वास असा आला की माझे डोळे भरून आले. मी विहीणबाईंकडे पाहिलं, त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांनी नुसता पाव जरी उचलला असता तरी मी जिंकले असते. त्यांनी उचलला नाही. मग मी कशी उचलणार?

आणि मग एकदम त्यांनी माझा दंड धरला.

"इहीनबाई, चंद्र."

मी त्यांच्यावरून वाकले. खरंच होता. निळ्या आभाळात खाली, पुसट, एका बाजूनं झिजलेला. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी पर्समधून अक्षतांची पुडी काढलीसुद्धा. इथं अर्घ्य कसं द्यायचं, पाणी कुठं सोडायचं, अशा विचारात त्या ग्लास हातात धरून बसल्या. एका मिनिटात आम्ही दोघी जेवलो असतो. पण चंद्र त्यांना आधी दिसला होता. त्यांच्या खिडकीतून, त्यांच्या बाजूनं. उद्या सुनेला त्या सांगणार, मीच दाखवला आईंना.

"हा चालत नाही," मी म्हणाले.

"का वं?"

"हा कालचा आहे. काल रात्री उगवलेला, आता मावळायला चाललाय. चतुर्थीचा चंद्र उगवताना पाहायचा असतो." तीस-पस्तीस वर्षं वर्गात बोललेला आवाज माझ्या तोंडून आपोआप निघाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण देवाधर्मासाठी मी ते बोलले नाही हे मला बोलतानाच ठाऊक होतं.

त्या थोडा वेळ त्या चंद्राकडे पाहत राहिल्या. "बराबर हाये तुमचं," त्या हळू म्हणाल्या आणि अक्षता परत पुडीत बांधल्या. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि त्यातही मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण त्यानंतर दिवस सरेचना. आम्ही सूर्याबरोबर पळत होतो म्हणे. घड्याळात केदारखेड्याची संध्याकाळ झाली, रात्र झाली, तिकडे माझ्या जावेनं आरती करून जेवण उरकलं असेल, आणि आमच्या खिडकीत तेच टळटळीत ऊन. पुढे सगळ्यांना खिडक्या लावायला सांगितल्या. विहीणबाई अधूनमधून फट उघडून बघायच्या आणि म्हणायच्या, "न्हाई." खिडकी त्यांच्या ताब्यात असल्यामुळे माझा चंद्रही त्यांच्याच ताब्यात होता. गाडी परत आली, परत गेली. म्हाताऱ्यानं दोन्ही वेळा सगळं खाल्लं आणि आमच्याकडे काळजीनं पाहिलं. एकदा विहीणबाईंना गरगरलं, त्यांनी डोळे मिटून माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, जाऊ द्या, खाऊ काहीतरी. त्या म्हणाल्या, "पोराला सोडून दुसरं काही दिसत न्हाई बघा डोळ्यापुढं." मलाही तेच दिसत होतं, त्यामुळे मला त्यांचा आणखी राग आला.

उतरलो तेव्हाही ऊनच होतं. मुलगा घ्यायला आला होता. तो आधी माझ्या पाया पडला, मग त्यांच्या. मी ते नोंदवून ठेवलं. गाडीत पुढे मला बसवलं, तेही.

दार सुनेनं उघडलं. तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून बाहेर टाकला, कुठून शिकली होती कोण जाणे. चपला काढल्या, बूट काढले, आणि बाळाला हात लावण्याआधी हातपाय धुवायचे म्हणून दोघी एकदमच मोरीकडे वळलो. नळ एकच होता. आमचे कोपर एकमेकींना लागले. पदराला हात पुसत आम्ही बैठकीत आलो, एक गोधडी घेऊन, एक करदोटा घेऊन.

पोर एका बाईच्या खांद्यावर होतं. फुलाफुलांचा झगा, पिकलेले आखूड केस, आमच्याच वयाची. कुठल्या तरी तिसऱ्याच देशाची होती. त्याच्या पाठीवर थोपटत ती काहीतरी गुणगुणत होती. आम्ही दोघींनी हात पुढे केले. तिनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि विहीणबाई दोन पावलं पुढे होत्या म्हणून त्यांच्याकडे दिलं.

"आलं का माझं सोनं," विहीणबाई म्हणाल्या, अगदी फोनवर म्हणायच्या तशाच. पोरानं त्यांच्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. मी घाईघाईनं घेतलं, गोधडीत गुंडाळलं. रडून रडून ते निळं पडायची वेळ आली.

"द्या त्यांच्याकडे," सून म्हणाली. "जन्मल्यापासून त्यांनीच न्हाऊमाखू घातलंय ना, त्यांची सवय झालीय त्याला."

त्या बाईनं त्याला घेतलं. ते गप्प झालं. तिच्या झग्याला नाक पुसून, तिच्या खांद्यावरून त्यानं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं.

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा कधी झाला नव्हता. पण मला तो ओळखीचा होता. मुंबईपासून तोच चेहरा घेऊन मी त्यांच्या शेजारी बसले होते.

स्वयंपाकघरात त्या स्टुलावर बसल्या. करदोटा अजून हातातच होता. मी पिशवीतून लाडवाचा डबा काढला.

"रोज येती का वं ती?" त्यांनी विचारलं.

"रोज येते म्हणे."

"उद्यापून काय काम तिचं?" त्या म्हणाल्या. "तेल तुम्ही लावा, पाणी मी घालीन. दोघी असताना तिसरी कशाला?"

"तेल तुम्ही लावा," मी म्हणाले. "माझ्या हाताला जोर नाही आता." एवढी मोठी गोष्ट मी त्यांना इतक्या सहज देऊन टाकीन असं मला वाटलं नव्हतं.

राजगिऱ्याचा लाडू फोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर ऊन होतं.

"चंद्र?"

"सकाळी तुम्ही दाखवला की," मी म्हणाले.

आम्ही खायला लागलो. बैठकीतून त्या बाईचं गाणं ऐकू येत होतं. फार गोड गळा होता तिचा, आणि ती आम्हा दोघींनाही मुळीच आवडली नाही.