कावळा शिवला आणि मी ड्रमवर बसलो

माझी फजिती ऐकायचीच म्हणताय ना, मग आधी चहा मागवा. तुमच्यासाठी मागवा, मला नको. चहाचं माझं एक जुनं दुखणं आहे, ते शेवटी सांगतो.

जिवंत माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो हो. आजारी पडता येतं, बदली मागता येते, तो समोरून आला तर गल्ली बदलता येते. पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द फिरवायला जायचं कुठे? आणि तोही दहाव्याला, पिंडासमोर, शंभर-दीडशे माणसांच्या देखत दिलेला. मी दिला. गाढवपणाला आमच्या जव्हारात तेव्हापासून माझं नाव आहे.

मोबाईल आमच्याकडे पोचायच्या आधीची गोष्ट. लग्नाला बेंजो पार्ट्या होत्या, डोंगरात आदिवासींचा तारपा वाजायचा, पण रॉक बँड म्हणावा असा सगळ्या जव्हार-मोखाड्यात एकच, काळमांडवी. धबधब्याचं नाव ठेवलेलं, कारण त्याच्याजवळ उभं राहिलं की दुसरं काही ऐकू येत नाही. गिटार आणि गाणं यशवंतचं. तो एरवी जव्हार-दाभोसा जीप चालवायचा. आणि ड्रमवर सुभाष. हा नोकरीनं वायरमन, दिवसा पोलावर आणि सुट्टीला स्टेजवर.

आता बघा, गंमत काय व्हायची. कार्यक्रम रंगात आला की लाईट जायची. जायचीच. गिटार गप्प, माईक गप्प, यशवंत नुसता तोंड हलवतोय. पण ड्रमला कुठे लाईट लागते? सुभाष एकटा वाजवत राहायचा. दहा मिनिटं, वीस मिनिटं. लाईट दुरुस्त करणारा माणूस हाच, आणि हाच ड्रमवर, मग ती येणार कुठून? पण कोणी उठायचं नाही. लोक यशवंतचं गाणं ऐकायला यायचे आणि लाईट जायची वाट बघत बसायचे. सूर्यमाळहून माणसं चालत यायची, तीसुद्धा तेवढ्यासाठी.

मी मनोहर, प्राथमिक शिक्षक. सुभाष माझा चौथीपासूनचा दोस्त. आणि मला ताल नाही. नाही म्हणजे औषधालाही नाही. आमच्या आळीत गणपतीच्या आरतीला माझ्या हातातली झांज काढून घेतात आणि कापूर देतात. शाळेत प्रार्थनेला मी टाळी धरली की पोरं प्रार्थना विसरतात. या गोष्टीला सगळे हसायचे, एकटा सुभाष हसला नाही. म्हणायचा, "मन्या, तू नुसता ऐक. ऐकणारा पण लागतो." प्रत्येक कार्यक्रमाला माझी जागा ठरलेली, ड्रमच्या मागे, पाण्याचा तांब्या घेऊन.

श्रावणात त्याला कावीळ झाली. झाडपाल्याचं झालं, दवाखाना झाला, शेवटी नाशिकला नेला, आणि पंधरा दिवसांत माणूस संपला. चौतीस वर्षांचा. लग्न नव्हतं झालेलं. घरात एकटी आई, तिला आम्ही सगळे माई म्हणायचो. मला पुढचे दहा दिवस काही आठवत नाहीत. शाळेत फळ्यावर तारीख लिहायचो आणि नुसता उभा राहायचो.

दहाव्याला तळ्याकाठी ही गर्दी. माझ्या आयुष्यात मी एवढे चाहते एका जागी पाहिले नव्हते. दाभोशाची अख्खी जीप, मोखाड्याची पोरं, वांगणीचे चौघे चिखल तुडवत आलेले. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. चुलतभावानं पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. समोरच्या जांभळावर सात-आठ कावळे बसलेले. एकही हलेना.

पाऊण तास गेला. गुरुजी म्हणाले, म्हणजे क्रिया करणारे गुरुजी, मी नव्हे, "मन कशात तरी अडकलंय. कोणीतरी शब्द द्या."

चुलतभाऊ म्हणाला, "माईला अंतर देणार नाही." कावळे गप्प. बरोबरचा एक वायरमन पुढे झाला आणि रडत म्हणाला, "सुभाष, दाभोशाच्या लाईनचा तो फॉल्ट काढला रे, काळजी करू नको." तरी नाही. कोणी त्याच्या आवडीची भजी आणून ठेवली, कोणी त्याच्या ड्रमच्या काठ्या पिंडाशेजारी ठेवल्या. शेवटी यशवंत पुढे आला. हात जोडून म्हणाला, "बँड बंद करणार नाही, सुभाष. आईची शपथ."

आणि एक कावळा खाली उतरला. पिंडापासून चार हातांवर. मान वाकडी करून आमच्याकडे बघायला लागला. दीडशे माणसांनी श्वास धरला. तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "पण वाजवणार कोण?"

कावळा दोन पावलं मागे गेला.

माझ्या डोक्यात काय शिरलं ते देवाला माहीत. सकाळपासून पोटात काही नाही, दहा दिवसांची झोप नाही, आणि समोर त्या काठ्या. मी पुढे झालो, रडत रडत ओरडलो, "मी वाजवीन. तुझ्या जागी मी बसेन, सुभाष!"

कावळा आला आणि पिंड घेऊन गेला. नुसता शिवला नाही हो, अर्धा पिंड चोचीत धरून गेला. एकच हंबरडा फुटला. लोक माझ्या पाया पडायला लागले. माईनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. आणि मी मनात म्हणतोय, मनोहर, हे तू काय करून बसलास?

घरी आलो, बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुम्ही?"

"हो."

"अहो, तुम्हाला आरतीला झांज देत नाहीत."

"कावळा शिवला गं."

"कावळ्यानं कुठे तुम्हाला ऐकलंय?" ती म्हणाली आणि परत तांदूळ निवडायला लागली.

दुसऱ्याच दिवशी मी यशवंतकडे गेलो. म्हटलं, भावनेच्या भरात बोललो, दुसरा कोणी बघ. तो जीपखाली होता, नुसते पाय दिसत होते. पाय म्हणाले, "गुरुजी, कावळा शिवलाय. मी कोण बदलणारा?"

झालं. सुभाषचा ड्रम त्याच्याच पडवीत होता. मी रोज शाळा सुटली की तिथे जाऊन बसायला लागलो. माई आत, मी बाहेर. यशवंत शिकवायला यायचा. "काही करू नका गुरुजी, नुसतं एक-दोन-तीन-चार म्हणा आणि मारा." मी गणित शिकवतो, आकडे मला चुकायचे नाहीत. पण तोंड तीनवर असलं की हात पाचवर आणि पाय सुट्टीवर. यशवंत डोळे मिटून बसायचा. आधी मला वाटायचं तल्लीन झालाय.

माई मात्र माऊली. मी दहा मिनिटं वाजवलं की चहा घेऊन बाहेर यायची. "मनोहर, थांब जरा, चहा घे." चहा झाला की मी परत काठ्या उचलायचो. परत दहा मिनिटांनी चहा. एका संध्याकाळी पाच-पाच कप व्हायचे. मला भरून यायचं. पोरगा गेला तरी बाईची माया बघा, मी बायकोला सांगायचो. बायको तांदूळ निवडत राहायची.

बातमी तोवर डोंगरभर झालेली. सूर्यमाळचा एक म्हातारा पार शाळेत आला. वर्ग चालू असताना दारात उभा राहून माझ्या हातांकडे बघत राहिला. म्हणाला, "गुरुजी, दादा आला का हातात?"

"कोण दादा?"

"आमचा ड्रमवाला. कावल्यानं सांगितला ना, तो तुमच्यात बसणार."

"अजून नाही आला, बाबा."

"येल, येल. घाई नका करू," असं म्हणून तो परत गेला. तीन तास चालत आला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. ही माणसं मला ऐकायला येणार नव्हती. ती सुभाषला भेटायला येणार होती, आणि माझ्या हातात सुभाष नव्हता.

दिवाळीनंतर मोखाड्याच्या मैदानावर कार्यक्रम ठरला. सुभाषला श्रद्धांजली. ऊन उतरल्यावर सुरू करायचा आणि दिवेलागणीच्या आत संपवायचा, म्हणजे लांबचे लोक घरी पोचतील. स्टेजवर सुभाषचा हार घातलेला फोटो, त्याच्याखाली त्याची पोलावर चढायची दोरी. मैदान गच्च. प्रत्येकाच्या दंडाला काळी फीत. मी जाऊन ड्रमवर बसलो तर हजार माणसांनी हात जोडले.

पहिलं गाणं सुरू झालं. काय सांगू? यशवंत एका गाण्यात होता, मी दुसऱ्या गाण्यात, आणि दुसरं गाणं तर कुठलंच नव्हतं. तो माझ्याबरोबर यायला वेग वाढवायचा, तोवर मी त्याच्यासाठी कमी केलेला असायचा. लोक ऐकत होते. कोणी हसलं नाही, कोणी उठलं नाही. खाली माना घालून बसले होते, गुरुवारची पोथी ऐकावी तसे. त्यापेक्षा दगड मारले असते तर बरं.

आणि तिसऱ्या गाण्यात लाईट गेली.

गिटार बंद. माईक बंद. हजार माना एकदम वर झाल्या आणि सगळे डोळे माझ्यावर. ह्याच घडीसाठी तर ते आले होते. पुढच्या रांगेत तो सूर्यमाळचा म्हातारा बसलेला, हात जोडून, तोंड उघडं. मी मनात म्हटलं, सुभाष, यायचं तर आत्ता ये बाबा. आणि सुरू केलं.

तो नाही आला. मी वीस मिनिटं वाजवत होतो. थांबावं कसं तेही मला कळेना, कारण थांबलो तर सुभाष परत एकदा मेला असता. बाया पदर डोळ्याला लावून बसल्या. म्हाताऱ्याचे जोडलेले हात हळूहळू सुटले आणि त्यानं ते मांडीवर ठेवले. ते हात मला अजून दिसतात.

लाईट आली. एवढ्या लवकर मोखाड्यात ती कधी आली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर सुभाषच्या जागी आलेला नवा वायरमन मला भेटला, घामानं ओला. "गुरुजी," तो म्हणाला, "माझ्या नोकरीत एवढ्या जोरात मी पोलावर चढलो नव्हतो."

त्यानंतर वर्षाचे उरलेले महिने कसे गेले विचारू नका. बँडला बोलावणी येईनाशी झाली. लग्नाचे लोक यायचे, कोण वाजवणार विचारायचे आणि तिथी पुढे गेली म्हणून सांगायचे. यशवंत खंगला. मी चार वेळा त्याच्यापुढे हात जोडले, मला सोडव म्हणून. तो तेच म्हणायचा, कावळा शिवलाय. मी सोडलं असतं तर सुभाषला दिलेला शब्द मोडला असता, आणि नाही सोडलं तर सुभाषचा बँड मोडत होता. मित्र गेल्याचं रडू यायला हवं, तर मला नुसती ड्रमची धडकी भरायची. म्हणून मी काय केलं? आणखी सराव केला. दुसरं करणार काय? आणि माई आणखी चहा करायला लागली.

वर्षश्राद्ध आलं. पाऊस उघडलेला होता. माईच्या अंगणात तीच सगळी माणसं जमली, दंडाच्या फिती नव्हत्या एवढंच. पडवीच्या कौलावर कावळ्यासाठी पान ठेवलं. खीर, वडे, भजी. शेवग्यावर कावळे बसलेले. आणि परत तेच, एक हलेल तर शपथ.

अर्धा तास झाला. कुणीतरी कुजबुजलं, "कशात अडकलाय आता?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला वाटलं, शब्द पुरा केला नाही म्हणून रागावलाय. मी पुढे झालो. "सुभाष," मी म्हटलं, "माझं चुकलं. सराव कमी पडला. आता मी सकाळीही वाजवीन. शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर."

शेवग्यावरचे सगळे कावळे उडाले. एकूण एक. पार चिंचेपर्यंत गेले.

मग पडवीत बसलेली माई उठली. गुडघ्यावर हात टेकत खाली आली आणि कौलाकडे बघून हात जोडले. शांतपणे म्हणाली, "सुभाष, ऐक बाळा. मनोहरला आजपासून तुझ्या ड्रमला मी हात लावू..."

'देणार नाही' म्हणायच्या आत कावळा पानावर होता. मग दुसरा, मग तिसरा. वडे उडाले, खीर सांडली, पान फाटून खाली आलं. यशवंत माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. सूर्यमाळचा म्हातारा म्हणाला, "आला, आज दादा आला," आणि त्यानं परत हात जोडले.

मी पडवीच्या पायरीवर बसलो आणि वर्षभरात पहिल्यांदा सुभाषसाठी रडलो. नुसता ऐक म्हणाला होता तो मला. तेवढंही मी ऐकलं नव्हतं.

माई शेजारी येऊन बसली. माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "माई, एक कप चहा देतेस?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता तू कुठे वाजवतोयस?"