पॉलिशवाल्या काकांच्या खुर्च्यांचे पाय

तो रोबो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हा मी म्हटलं, काका, याला काहीही झालेलं नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा तेच जरा आवाज चढवून म्हटलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतोय मी, पण बिघाड नसलेलं यंत्र कसं दुरुस्त करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

"घरी धडकतो रे," काका म्हणाले. "खुर्चीला, टेबलाला, कपाटाला. घर झाडायचं सोडून आंधळी कोशिंबीर खेळतोय मेला."

"मग इथे का नाही धडकत?" मी रोबो जमिनीवर सोडला. तो माझ्या पांढऱ्या स्टुलापाशी गेला, थबकला आणि शहाण्यासारखा वळसा घालून पुढे निघून गेला. काका खजील होऊन बघत राहिले.

काका म्हणजे पॉलिशवाले काका. उभं आयुष्य लाकडाला पॉलिश करण्यात गेलं. आमच्या भागात त्यांचा हात न लागलेलं कपाट शोधूनही सापडायचं नाही. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात केर काढायला वाकले आणि तिथेच कोसळले. दोन तास फरशीवर पडून होते, कुणाला पत्ता नाही. मुलगी दुसऱ्या गावात, चार तासांच्या अंतरावर. तिने हा रोबो आणून दिला आणि अट घातली: झाडू हातात घ्यायचा नाही, वाकायचं नाही. यंत्राने घर नीट झाडलं तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावून माझ्याकडे यायचं. आणि दर रविवारी ती स्वतः येऊन तपासून जायची.

"या रविवारी शेवटचं बघते म्हणालीय," काका म्हणाले. "मला नाही जायचं रे. तिच्याकडे माझं काय काम? सगळ्या खुर्च्या प्लास्टिकच्या."

हसत म्हणाले आणि रोबो उचलून निघाले. तीनदा मी त्यांना खोटं पाडलं होतं, ते मला लागलं. शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून त्यांच्या घरी गेलो.

दार उघडलं आणि समोरच्या कपाटात मला माझंच तोंड दिसलं. दाढी वाढलेली होती, तीही दिसली. दोन खोल्या, सहा खुर्च्या, एक मोठं टेबल, काकूंचं आरशापुढचं स्टूल. सगळं काळंभोर आणि असं चकचकीत की हात लावायची भीती वाटावी. टेबलाखाली पॉलिशची बाटली, कापसाचा बोळा आणि एक बसकं पाटासारखं आसन.

"काका, हे काय? तुम्ही खाली वाकताय रोज?"

"वाकत नाही. बसतो."

"काका!"

"अरे, तो धडकला की टवका उडतो. तो काय तसाच ठेवू? ही गेल्यापासून दर महिन्याला पॉलिशचा एक हात देतो सगळ्याला. रिकाम्या हातांनी करायचं तरी काय माणसाने?"

मी रोबो सोडला. तो सरळ गेला आणि खुर्चीच्या पायावर आदळला. ठक. मागे आला, वळला, टेबलाचा पाय. ठक. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्याच कपाळावर मी हात मारून घेतला.

या यंत्राच्या तोंडाशी बारीक डोळे असतात. ते पुढे प्रकाश टाकतात, आपल्याला न दिसणारा. तो वस्तूवर आपटून परत आला की यंत्राला कळतं, समोर काहीतरी आहे. माझं स्टूल पांढरं, खोकी पुठ्ठ्याची. पण काळा रंग बराचसा प्रकाश गिळतो आणि उरलेला गुळगुळीत लाकडावरून भलतीकडेच घसरतो, यंत्राकडे परतच येत नाही. काकांचं फर्निचर त्या बिचाऱ्याच्या लेखी घरात नव्हतंच.

"म्हणजे दोष माझ्या पॉलिशचा," काका म्हणाले.

"दोष कसला? उलट इतकं चांगलं आहे की..."

"गोड नको बोलूस. उपाय सांग."

"पायांना खालून पांढरी पट्टी चिकटवू."

"बँडेज? माझ्या खुर्च्यांना? अपघात झालाय का त्यांना?"

"मग वीतभर पॉलिश घासून काढावं लागेल. खालचं कोरं लाकूड दिसेपर्यंत."

काकांनी टेबलाच्या पायावरून अंगठा फिरवला. मग उठून पॉलिशपेपर घेऊन आले. मी हात पुढे केला तर झिडकारला. "तू नको. खरवडून ठेवशील." शुक्रवार, शनिवार, बत्तीस पाय आणि कपाटाची खालची कड त्यांनी स्वतः घासली. टेबलाशी आले तेव्हा म्हणाले, "याला सत्तावीस हात दिले होते. ही म्हणायची, आता यात केस विंचरता येतील." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

रविवारी मुलगी आली. मी मुद्दाम थांबलो होतो. रोबो दोन्ही खोल्या फिरला, एकदाही धडकला नाही. तिने डोळे पुसले, इतकं तिला हलकं वाटलं. काका आत चहा टाकायला गेले तेव्हा मी तिच्या फोनवर रोबोचं ॲप लावून दिलं. रोज सकाळी दहाला घर झाडून झालं की "सफाई पूर्ण" असा निरोप येणार. सोबत घराचा नकाशा, झाडलेली जमीन हिरवी आणि जिथे खुर्च्यांचे पाय तिथे मोकळी टिंबं.

"दादा, तेवढा निरोप आला की बास मला," ती म्हणाली. "नकाशा-बिकाशा बघायला वेळ कुठाय? सकाळी मुलांचे डबे, मग ऑफिस."

वाईट नव्हती ती. दर रविवारी आठ तास प्रवास करत होती, एकटी. जाताना काकांना मिठी मारून म्हणाली, "सुटले बाबा मी. आता काळजी नाही."

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन महिने उलटले. फोन करायची, पण दोन मिनिटांचा. निरोप येतोय ना रोज, मग सगळं ठीकच असणार.

एका दुपारी काका दुकानात आले, हात हलवत. येऊन पांढऱ्या स्टुलावर बसले.

"रोबो नाही आणला?"

"नाही. आता कुठेच धडकत नाही तो. टवका नाही, काही नाही. घरात आवाजच नाही रे." मग म्हणाले, "पॉलिश मी परत चढवीन, माझ्या हातचा मळ आहे. पण मग ती येईल ती मला न्यायलाच."

मग त्यांनी विचारलं, "तिला दिसतं काय रे रोज?"

माझ्याही फोनवर ते लावलेलं होतं. मी आदल्या दिवशीचा नकाशा काढून दाखवला. हे टेबल. ही खुर्ची, चार टिंबं.

"आणि ही दोन?"

मी निरखून पाहिलं. "तुमचे पाय असतील. काल यंत्र फिरताना खिडकीपाशी बसला होतात?"

"हो." त्यांनी फोन ओढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि नाकाशी धरून बघत राहिले. "म्हणजे मी दिसतो की तिला."

मी मान हलवली. ती नकाशा उघडतच नाही, हे कसं सांगणार होतो?

हल्ली भेटले की खुशीत असतात. दहाच्या आधी अंघोळ उरकून तयार बसतात. रोज वेगळ्या खुर्चीवर. "एकाच जागी दिसलो तर तिला वाटेल, बाबांचं चालणं-फिरणं बंद झालं," म्हणाले. मुलीला फोन करायला मी दोनदा नंबर काढला आणि दोन्ही वेळा फोन खाली ठेवला. बाप असा झुरतोय हे कळलं तर ती येईल, पण कुलूप घेऊनच येईल.

दहा वाजता माझाही फोन वाजतो. हातातलं काम बाजूला ठेवून मी नकाशा उघडतो आणि ती दोन टिंबं शोधतो. आज ती काकूंच्या स्टुलापाशी होती.