बांधलेला टब

समुद्र हवेतून किती कार्बन डायऑक्साइड घेतो आणि किती परत सोडतो, हे मोजायला निघालेल्या जहाजावर मला जायचं होतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मार्गदर्शक सर म्हणाले, आधी गावाकडच्या पाण्यावर दहा मोजण्या नीट करून दाखव, सोमवारपर्यंत. मग यादीत नाव घालतो.

सोनपेठच्या अलीकडं गोदावरीच्या काठावर आमचं गाव. साधन साधंच होतं: थर्माकोलवर तरंगणारा उपडा टब आणि त्यात गॅस मोजणारं यंत्र. आत कोंडलेल्या हवेत आकडा किती वेगानं चढतो, त्यावरून पाणी किती गॅस सोडतंय ते कळतं. गावातले भोईकाका होडी घेऊन आले. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, कामावर खाडा केला. पहिल्याच दिवशी त्यांनी टबाला दावं लावून ते पाण्यात रोवलेल्या बांबूला आवळलं. आपली वस्तू मोकळी सोडायची नाही, ही त्यांची रीत. मलाही ते बरंच वाटलं. तीन दिवसांत नऊ मोजण्या झाल्या. आकडे भराभर चढत होते आणि मी खूश होते.

तिसऱ्या दिवशी भोईकाका म्हणाले, "अण्णा, म्हैस हाय का ती, पळून जाईल म्हणून बांधायला?"

मी हसत टबाकडं वळले आणि पाहतच राहिले. शेजारून पालापाचोळा संथ वाहत चालला होता. टबाच्या काठाशी मात्र पाणी खळखळत होतं. अडवलेल्या टबामुळं ते घुसळलं जात होतं, आणि घुसळलेलं पाणी जास्त गॅस सोडतं. नऊच्या नऊ मोजण्या वाया गेल्या होत्या.

अण्णांना सांगणं जड गेलं. ऐकून त्यांनी विचारलं, हे सरांना कळणार हाय का. मी म्हटलं, त्यांना न्हाई कळणार, पण मला कळलंय.

त्यांनी दाव्याची गाठ सोडली. "जाऊ दे त्याला कुठं जायचं तिथं. आपण मागं मागं जाऊ."

शनिवार-रविवार आम्ही टबामागं हिंडलो. तो जलपर्णीत अडकला की मोजणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. सात झाल्या. सोमवारी सकाळी त्या सात पाठवल्या आणि रद्द केलेल्या नऊही, कारणासकट. थोड्या वेळानं सरांचा फोन आला. बाकीच्या तीन कुठं आहेत, एवढंच त्यांनी विचारलं.

"करायलोत सर," मी होडीतूनच म्हणाले. "संध्याकाळपर्यंत देते."