तापाच्या दिवसांतली प्रार्थना

डॉक्टरबाईंनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्या उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागावर बोट ठेवले. जिथे काळे दिसायला हवे होते तिथे पांढरे दिसत होते. "प्लूरल इफ्यूजन आहे, गुरुजी," त्या म्हणाल्या. फुप्फुसाभोवती दुहेरी आवरण असते. त्याच्या दोन पदरांमध्ये पाणी साठणे म्हणजे प्लूरल इफ्यूजन. कारण बहुधा क्षय.

"ताप केव्हापासून येतो?"

"संध्याकाळी अंग कसकसते. तीन आठवडे झाले असतील."

"तीन आठवडे! आणि आज येताय?"

माझे मन मागच्या रविवारी जाऊन पोचले होते. त्या दिवशीही मला ताप होता तर.

त्या रविवारी काय घडले ते आधी सांगायला हवे. एकाहत्तर सालचे युद्ध सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. अहमदनगरला रणगाड्यांची घरघर नवी नाही, पण त्या आठवड्यात ती वेगळी वाटत होती. आमचे चर्च अमेरिकन मिशनऱ्यांनी उभारलेले, आणि अमेरिका तर दुसऱ्या बाजूला झुकलेली. "तुम्ही नक्की कोणाकडचे?" असे मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, एकाला कापडबाजारात हसत हसत विचारले गेले होते. त्यामुळे उपासनेत सगळेजण विजयासाठी मोठ्याने प्रार्थना करीत होते. पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांचे हाल ऐकून हे युद्ध न्यायाचे आहे असे मलाही वाटत होते, आजही वाटते.

आमच्याकडे अशा वेळी ज्याला प्रेरणा होईल त्याने उठून प्रार्थना करायची पद्धत आहे. मी बावीस वर्षांत कधी उठलो नव्हतो. शाळेत मुलांपुढे बोलणे वेगळे; चारचौघांत बोलायचे म्हटले की माझे शब्द अडतात. त्या दिवशी का उठलो ते मला सांगता येणार नाही. मी आपल्या जवानांसाठी प्रार्थना केली आणि मग, समोरच्या सैन्यात मरणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आयांसाठीही केली. शेवटी कोणीही आमेन म्हटले नाही. पुढच्या बाकावर राहेलबाई बसल्या होत्या. मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत. त्यांचा एकुलता एक मुलगा शमुवेल फौजेत ड्रायव्हर होता आणि पश्चिम सरहद्दीवर होता. बाहेर पडताना मी त्यांना सलाम केला. त्यांनी पाहिले आणि तोंड फिरवले.

मला मिशनच्याच दवाखान्यात दाखल केले. दुसऱ्या दिवशी पाणी काढले. त्याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उलटे बसायचे, आणि पाठीतून दोन बरगड्यांच्या मधे सुई जाते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, भीती वाटते तेवढे दुखत नाही. मात्र त्या वेळी खोकायचे नाही. फिकट पिवळ्या पाण्याने बाटली भरली. शेजारच्या खाटेवर खर्ड्याचे एक शेतकरी होते, भानुदास तात्या. त्यांनी बाटली निरखून पाहिली.

"मास्तर, आमच्या हिरीत बी इतकं पानी न्हाई. तुमी आमच्याकडं जल्मायला पायजे हुतं."

त्या दुष्काळी सालात हसण्यासारखे ते नव्हते, पण मी हसलो, आणि बरगडीत कळ आली.

मग स्ट्रेप्टोमायसिन सुरू झाले. क्षयावरचे हे औषध रोज सुईने कमरेत देतात. काहींना त्याने गरगरते, कानांत वाजते; तसे झाल्यास लगेच सांगावे. मला तसे झाले, पण मी चार दिवस सांगितले नाही. माझे हे असेच आहे.

आजारी माणसाकडे दर बुधवारी मंडळीतल्या एकेका घराने डबा घेऊन जायचे आणि खाटेपाशी प्रार्थना करायची, अशी आमची रीत. पाळ्या ठरलेल्या असतात. पहिला बुधवार गेला. कोणी आले नाही. क्षयाला लोक भीत असतील, अशी मी समजूत घातली. माझा आजार पाण्याचा आहे, बेडक्यात जंतू नाहीत, भेटायला येणाऱ्याला धोका नाही, असे डॉक्टरबाईंनी सांगितले होते. ते बाहेर कळवावे एवढेही धाडस मला झाले नाही. खरे तर मला भीती वाटत होती ती अशी, की कळवूनही कोणी आले नाही तर?

"तुमची मान्सं परगावी गेलीत व्हय?" तात्यांनी विचारले. त्यांच्याकडे रोज चार माणसे भाकरी बांधून येत.

"कामात असतील."

"समदीच?"

मी भिंतीकडे कूस बदलली.

दुसऱ्या आठवड्यात युद्ध थांबले. रस्त्यावर गुलाल उधळणाऱ्यांचा जल्लोष वॉर्डात ऐकू आला. तात्यांनी पेढा आणवला आणि अर्धा मला दिला. त्याच दिवशी आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, आले. भला माणूस. स्टुलावर बसून बराच वेळ टोपी फिरवत राहिले.

"डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्हाला त्या रविवारीही ताप होता."

"होता."

"मग झालं तर. नाताळच्या उपासनेत प्रभुभोजनाआधी मी मंडळीला सांगतो, गुरुजी तापात बोलले. लोक विसरतील. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

त्यांनी हे माझ्या भल्यासाठीच सुचवले होते. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा सोपी वाट मिळणार नव्हती. मला तोंडही उघडावे लागणार नव्हते. मी विचार करून सांगतो म्हणालो. पुढचे पाच दिवस थर्मामीटर तोंडात धरून मी एकाच प्रश्नाशी बसलो. ताप नसता तर मी उठलो असतो का? बहुधा नाही. पण उठण्याचे बळ तापाने दिले म्हणून शब्दही तापाचे होते का?

नाताळच्या आधीच्या बुधवारी राहेलबाई आल्या. हातात डबा होता.

"पाळी माझी आहे म्हणून आले," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "पाळक म्हणतात, तुम्ही तापात बोललात. खरं का?"

शमुवेलचे पत्र आले का, असे मी विचारले.

"वीस दिवस झाले. लढाई संपली तरी नाही. मी विचारलं त्याचं सांगा, मास्तर. ताप होता म्हणा. मला बरं वाटेल."

मलाही बरे वाटले असते. "ताप होता, बाई," मी म्हणालो, "पण मी शुद्धीत होतो. आज ताप नाही, आणि आजही मी तेच म्हणेन."

त्या खाटेच्या कडेवर बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझं लेकरू तिकडं, आणि तुम्हाला त्यांच्या आया दिसतात."

मी सरकून त्यांना नीट बसायला जागा केली.

त्यांनी डबा उघडला, ताटलीत भात वाढला, वर डाळ घातली. "खा. निवेल." मी खाल्ले. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला. प्रार्थनेची वेळ झाली होती, आणि ती कोणी करायची ते आम्हा दोघांनाही कळेना. तात्यांनीही मफलर काढून हात जोडले होते.

"तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "पण फक्त शमुवेलसाठी. दुसऱ्या कोणाचं नाव मला आज ऐकवणार नाही. तुमचं ते बाकीचं काय असेल ते मी जिना उतरल्यावर करा."

मी शमुवेलसाठी प्रार्थना केली. त्याच्याखेरीज कोणाचाही उल्लेख केला नाही.

आज औषधे संपून काही महिने झाले. पाळकांना मी नकार कळवला. मंडळीत काहीजण अजून सलाम घेत नाहीत, आणि एकटेपणा क्षयासारखा औषधाने बरा होत नाही, हे मला मान्य करावे लागले. जे पुढे अशा खाटेवर पडतील त्यांना इतकेच सांगतो, की आपल्याशी सहमत असलेलेच माणूस डबा घेऊन येईल असे नाही. जे येईल त्याच्या हातचे खावे. राहेलबाईंचा मी ऋणी आहे. त्या दिवशी त्यांनी डबा पुसून पिशवीत ठेवला आणि त्या निघाल्या. जिन्यावरची त्यांची पावले सावकाश उतरत गेली. शेवटच्या पायरीपर्यंत मी थांबलो, आणि मग हात जोडून डोळे मिटले.