टॅमराचं ‘सगळं ठीक’

टॅमरा होल्कोंबला कधीही विचारा, उत्तर एकच: ‘‘सगळं ठीक.’’ नळ फुटून तिच्या स्वयंपाकघरात तळं झालं होतं तेव्हाही हेच, आणि डेलची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, तिसऱ्यांदा परदेशी रवानगी झाली तेव्हाही हेच. मी तिची शेजारीण. मी स्वतः फौजेच्या रसदखात्यात उभी हयात काढली आहे, थापाडे सार्जंट ढिगाने पाहिलेत. पण टॅमराइतकं सफाईने खोटं बोलणारं माणूस पाहिलं नाही.

ओक्लाहोमातलं आमचं गाव छावणीच्या जिवावर जगतं. तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्या खडखडतात, आणि जो दचकतो तो नवा, हे ओळखायचं. टॅमरा आली त्या दिवशीही दचकली नव्हती. ट्रकचालकाची मुलगी, एकोणिसाव्या वर्षी डेलशी लग्न, आणि तेव्हापासून एका सरकारी घरातून दुसऱ्यात. घर सोडताना भिंतीतली खिळ्यांची भोकं टूथपेस्टने बुजवायची म्हणजे तपासणीला येणाऱ्याला दिसत नाहीत, हे तिनेच गल्लीतल्या नव्याने लग्न झालेल्या मुलींना शिकवलं. कोणाकडे बाळंतपण झालं, कोणाचा नवरा जखमी झाला, की संध्याकाळी ही बटाटे-चीज भट्टीत भाजून केलेला गरम कॅसरोल घेऊन दारात हजर. स्वतःच्या दारात मात्र कोणाला कॅसरोल आणू दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा खाक्या.

आणखी एक रीत आहे, ती आम्हा सगळ्यांचीच. माणूस मोहिमेवर असला की घरची वाईट बातमी त्याच्या कानावर घालायची नाही. तिकडून तो बिचारा करणार काय? उलट लक्ष उडालं तर जिवावर बेतायचं. म्हणून रविवारी फोनच्या पडद्यावर डेल दिसायच्या आधी टॅमरा लिपस्टिक लावून बसायची, आणि अकरा वर्षांची मुलगी जूनी तिच्या शेजारी ताठ बसून म्हणायची, ‘‘मी मजेत, डॅडी. शाळा छान चाललीय.’’

त्या जूनीने डोक्यावरचे केस उपटायला सुरुवात केली. कानामागे आधी नाण्याएवढा चट्टा पडला, मग हा हा म्हणता तळहाताएवढा झाला. टॅमराने तिच्या डोक्याला रंगीत रुमाल बांधला.

‘‘हे काय नवीन?’’ मी कुंपणावरून विचारलं.

‘‘फॅशन आहे, मिस बर्नी.’’

‘‘कसली फॅशन? माझ्या डोळ्यांत धूळ फेकायची?’’

तेव्हा ती माझ्या पायरीवर येऊन बसली आणि काय ते सांगितलं.

आता डॉक्टर शोधणं आलं. फौजेच्या बायकापोरांना विम्याचं कार्ड मिळतं, आणि बाहेरच्या लोकांना वाटतं, काय नशीबवान आहेत! दात आहेत पण चणे नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? छावणीच्या दवाखान्यात लहान मुलांच्या मनाचा डॉक्टर नव्हता. बाहेर बघा, म्हणाले. बाहेर कार्डाचं नाव काढलं की पलीकडचा आवाज गार पडायचा. ‘‘सॉरी मॅम, ते कार्ड आम्ही बंद केलंय.’’ पैसे कमी मिळतात आणि उशिरा मिळतात, असं त्यांचं म्हणणं. विमेवाल्यांनी दिलेल्या नावांतला एक डॉक्टर केव्हाच देवाघरी गेलेला. एका नंबरवर कुत्र्यांना आंघोळ घालणारी बाई निघाली. बाई भली होती. म्हणाली, ‘‘कुत्रं असेल तर आजच घेऊन ये गं, मी कार्डबिर्ड काही मागत नाही.’’ टॅमरा हसली, आणि फोन ठेवून तिने यादीतलं ते नाव खोडलं.

माझा खरा संताप व्हायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. एखादी फोनवाली कनवाळू निघाली, ‘‘फारच निकड आहे का?’’ असं तिने विचारलं, की टॅमरा लगेच म्हणायची, ‘‘नाही मॅम, तितकं काही नाही. आमच्याहून वाईट हाल असतील लोकांचे.’’ फोन तिच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटायचा.

अख्खा हिवाळा असा गेला. मग दोन तासांवरच्या शहरात डॉक्टर लिंडक्विस्ट सापडल्या. फौजेच्या मुलांसाठी त्या थोड्या जागा राखून ठेवत. टॅमराची गाडी नेमकी गॅरेजमध्ये, म्हणून माझ्या पिकअपमधून निघालो. वाटेत टॅमराची शिकवणी चालू. ‘‘ताठ बसायचं. हात मांडीवर. ‘हो मॅम’ म्हणायचं.’’ मग हळूच मला, ‘‘कागदोपत्री फार काही आलं ना, तर डेलच्या बढतीत खोडा यायचा.’’

‘‘आणि पोरीच्या डोक्यावर एक केस उरला नाही तर?’’ मी म्हटलं.

‘‘मिस बर्नीलापण आत येऊ दे,’’ असं जूनीने म्हटल्यामुळे मीही आत गेले. डॉक्टरीणबाई साठीच्या, पायात काउबॉय बूट, आवाज मऊ.

‘‘कशी आहेस, जूनी?’’

‘‘मजेत, मॅम.’’

‘‘झोप लागते?’’

‘‘हो मॅम.’’

‘‘केस ओढतेस, असं आईने कळवलं होतं.’’

‘‘आता नाही, मॅम.’’

‘‘बरंच कमी झालंय,’’ टॅमराने री ओढली. धादांत खोटं! मी तोंड उघडणार होते, पण पोरीच्या देखत आईला खोटं पाडायला जीभ रेटेना.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. ‘‘मोकळेपणाने सांगते. या कार्डावर सध्या माझ्याकडे एकच जागा आहे. रांगेत तुमच्यामागे एक मुलगा आहे, तो घराबाहेर पाऊलच टाकत नाही. जूनीचं निभत असेल, तर तिला सहा महिन्यांनी पुन्हा बघू. चालेल?’’

‘‘चालेल ना, मॅम. त्या मुलालाच द्या,’’ टॅमरा पर्स उचलून उभी राहिली. ‘‘आमचं सगळं ठीक.’’

एवढ्या महिन्यांची वणवण, आणि एका वाक्यात पाणी सोडलं! आईचं बघून जूनीही शिपायासारखी उभी राहिली. तिचं तिलाही कळलं नसेल, पण हात रुमालाखाली गेला आणि बोटं चाचपडू लागली. टॅमराने ते पाहिलं. ती मटकन खाली बसली.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ठीक नाही. काहीच ठीक नाही.’’ आवाज असा फाटला की मला ओळखू येईना. ‘‘रात्र रात्र जागी असते ही. आज सकाळीसुद्धा उशीवर केसांचा पुंजका होता, तो मी उचलून टाकला. मलाही झोप नाही. गप्प बसायला हिला मीच शिकवलंय. त्या मुलाचं वाईट वाटतं मला, पण ही जागा मी सोडणार नाही. कोणालाच देणार नाही.’’ आणि ती रडायला लागली, नाकातोंडातून, लहान मुलासारखी. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. माझेही डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

‘‘जागा जूनीचीच आहे,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जूनी आधी घाबरली. आईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग जवळ सरकली, तिची बाही ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

‘‘मॉम, मग आता मी पण सांगितलं तर चालेल?’’