पन्नास खिडक्यांचं टपाल

सकाळी साडेनऊला विनया चुरी नंदाखाल गावातल्या एका खोलीचं कुलूप काढायची आणि चपला पायातच ठेवून आधी कंप्यूटरच्या पडद्याकडे बघायची. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असायचा. बारा, पंधरा, फार तर वीस. तो बघितला की मग चपला काढणं, केर काढणं, स्टोव्हवर चहा ठेवणं. दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर तो आकडा रोज पन्नास दिसू लागला आणि चहा राहू लागला.

खोली आलोशियसकाकांची. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली आणि जहाजांवरचं ते पदच रद्द झालं तेव्हा काका घरी आले. केळीच्या वाडीला लागून असलेल्या खोलीत त्यांनी एक कंप्यूटर मांडला, आगाशीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून कायम चालू राहणारी लाइन खटपटी करून ओढून आणली आणि ज्यांची मुलं बोटीवर आहेत त्यांच्यासाठी ईमेलचं टपालघर उघडलं. अर्नाळा, आगाशी, गास, भुईगाव, जिथे जाल तिथे अशी घरं. पोरगा कॅप्टनच्या कंप्यूटरवर चार ओळी लिहायचा, त्या उपग्रहावरून युरोपातल्या एका कंपनीच्या यंत्राकडे जायच्या आणि तिथून नंदाखालला. इथे त्यांचा कागद छापायचा, घडी घालायची, वर घरचं नाव लिहायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं.

विनया स्वतः अशीच कागद मागायला आली होती. आगाशीची, बी.एस्सी. गणित, पंधरा वर्षं घरी शिकवण्या घेतलेल्या. विघ्नेश, तिचा एकुलता एक, बोटीवर इंजिनरूममध्ये लागला आणि तिचं संध्याकाळचं शिकवण्यातलं लक्ष उडालं. कागदासाठी रोज येऊन बसायची. काका म्हणाले, "रोज येतेसच तर कामाला लाग." यंत्र ज्यावर चालायचं ते लिनक्स त्यांनी तिला शिकवलं ते सासूनं सुनेला घरचा मसाला शिकवावा तसं, प्रमाण न सांगता. वर्षभरात यंत्राचा सगळा कारभार तिच्याकडे आला. गावात लोक म्हणत, "चुरीबाईंना विचारा, त्यांना यंत्राच्या पोटातलं कळतं."

काकांचा नियम एकच होता. कागद परत जाता कामा नये. ते बोटीवर असताना त्यांनी एकदा घाईत पाकिटावर फक्त "आलोशियसची आई, चर्चच्या मागे, नंदाखाल" एवढंच लिहिलं होतं. पोस्टमननं ते घरात आणून दिलं होतं. यंत्रही त्यांनी त्याच रीतीनं लावलं होतं. टपालघराच्या पत्त्यावर डावीकडे कुठलंही नाव टाका, पत्र आत घेतलं जायचं. मुलं लिहायची ती आईला, पप्पाला, नानीला. कुणी नुसतं "घर" लिहायचं. एकानं तर "पिंट्याची बायको" असं लिहिलं होतं. कोणाची आई नि कोणाची नानी ते काका पाठवणाऱ्याच्या नावावरून ओळखायचे. विघ्नेशची पत्रंही आईच्याच नावानं यायची. त्या नावावर चौदा मुलं लिहीत.

यंत्राला एका वेळी पन्नास जणांशी बोलता येत असे. पन्नास खिडक्यांचं टपालघर म्हणा. कोपऱ्यातला आकडा म्हणजे त्यातल्या किती खिडक्यांवर कुणी उभं आहे तो. आता त्या पन्नासही खिडक्यांवर भलतेच येऊन उभे होते. जगभरातल्या विषाणू शिरलेल्या कंप्यूटरांतून कुणीतरी सोडलेले बॉट, आपोआप पत्रं धाडत सुटणारे प्रोग्रॅम. ते एकामागून एक नावं घेत सुटायचे. अॅरन आहे का, अॅबी आहे का, अब्दुल आहे का? यंत्र प्रत्येकाला हो म्हणायचं, कारण काकांनी त्याला नाही म्हणायला शिकवलंच नव्हतं. हो मिळालं की बॉट आपल्या हजार भावंडांना घेऊन यायचा. आत औषधांच्या, लॉटरीच्या, नको त्या जाहिराती. रोज चाळीस हजार. आणि युरोपातलं ते यंत्र खरी पत्रं घेऊन बाहेर ताटकळायचं, खिडकी मोकळी मिळाली नाही की निघून जायचं.

विघ्नेशचं शेवटचं पत्र जेद्दाहून आलं होतं. "आता सोमालियाच्या बाजूचं पाणी लागेल. तिथे हल्ली बोटी पकडतात, तू पेपरात वाचलंच असशील म्हणून सांगतो. पाच दिवसांत पार होऊ. पार झालो की त्याच दिवशी लिहितो." त्याला बारा दिवस झाले होते. विनयानं मुंबईला कंपनीच्या ऑफिसात फोन केला. तिकडची मुलगी फार गोड बोलली. "मॅडम, काही झालं तर आम्ही कळवूच ना." फोन ठेवल्यावर विनयाला ते वाक्य दिवसभर सोडेना. काही झालं तर. म्हणजे आपल्याला कळतं ते तेव्हाच.

सोमवारी मालन आली. अर्नाळ्याची, मासळी विकून परतताना रिकामी पाटी दारात ठेवून आत यायची. तिचा प्रीतम दुसऱ्या बोटीवर खलाशी होता.

"काय गो बाय, आला का माज्या पोराचा कागद?"

"नाही आला, मालनताई."

"आनि तुज्या?"

"माझ्याही नाही."

"मंग त्या डब्यात दिवसभर बगतेस काय? माजा सुका बोंबीलपन येवडा वेळ कोन बगत नाय." ती हसली, विनया हसली नाही. तेव्हा मालन पडद्याकडे वाकून म्हणाली, "कोन बसलेत त्या खिडक्यांवर? हाकल की त्यांना."

तेच विनयानं काकांना सांगितलं. "काका, ओळखीच्या नावांची यादी करू. यादीत नाव नाही त्याला यंत्र तिथल्या तिथे परत पाठवील."

काका आरामखुर्चीतून उठलेच. "म्हणजे पोरगं समुद्रावरून आईला लिहिणार आणि आपलं यंत्र सांगणार, ह्या नावाची बाई इथे राहत नाही?"

"आत्ता तर तेवढंही सांगत नाही. पोरगं दारातून न बोलता परत जातंय."

काका खुर्चीत परत बसले. मग म्हणाले, "लिही. मी सांगतो."

मंगळवारचा अख्खा दिवस यादीत गेला. दोन वर्षांच्या नोंदी तिनं काढल्या, काकांनी आठवणीतली नावं घातली. चारशे बारा भरली. एखादं राहिलं असेल का, या विचारानं विनया रात्री नवऱ्यासोबत जेवताना दोनदा उठली. कुठल्यातरी बोटीवर एक पोरगा पडद्यावर वाचतोय की अशी कुणी व्यक्ती इथे नाही. ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

यादीनं आकडा पस्तीसवर आला. बुधवारी तिनं आणखी एक युक्ती लावली. कुणी खिडकीवर आला की यंत्रानं लगेच "या" म्हणायचं नाही. वीस सेकंद गप्प राहायचं. रीतीचा पाहुणा उंबऱ्यावर थांबतो, आतून हाक आल्यावर बोलतो. बॉटला तेवढा धीर नसतो, तो दार उघडायच्या आधीच बडबडायला लागतो. जो आधी बोलला त्याची लाइन तोडायची. शिवाय एकाच कंप्यूटरवरून एका वेळी दोनाहून जास्त जण आत घ्यायचे नाहीत.

गुरुवारी सकाळी आकडा होता आठ. विनयानं चपला काढल्या, चहा केला, काकांना कप नेऊन दिला. पाच-सहा पत्रं आली. दोन दुबईहून, एक कुवेतहून, बाकी मुंबईची. बोटीवरचं एकही नाही. शुक्रवारीही नाही. आता खिडक्या मोकळ्या होत्या आणि तेच जास्त भयंकर होतं. गर्दी होती तेव्हा पत्र गर्दीमुळे येत नाही असं म्हणता येत होतं.

शनिवारी मालन उन्हाची आली. पाटी न ठेवताच म्हणाली, "हाकललंस ना सगळ्यांना?"

"हाकललं."

"आमच्यातला तर कोन नाय ना हाकललास?"

सहज विचारलं होतं तिनं. विनयानं हातातली कागदांची गड्डी बाजूला ठेवली. तोडलेल्या लाइनींची नोंद यंत्र ठेवत होतं. तीन दिवसांत अकरा हजार ओळी झाल्या होत्या, सगळ्या बॉटच्या, असं धरून तिनं ती उघडलीच नव्हती. तिनं युरोपातल्या त्या यंत्राचं नाव टाकून शोधलं.

नऊ वेळा. बुधवारी दुपारी पहिल्यांदा, आज पहाटे शेवटचं. प्रत्येक वेळी तेच कारण, हाक येण्याआधी बोलला. बोटींशी बोलणारं यंत्र ते, तिथला प्रत्येक सेकंद महाग, त्याला घाईची सवय. ते उंबऱ्यावर थांबलं नव्हतं आणि विनयाच्या नियमानं त्याला नऊ वेळा ढकलून दिलं होतं.

"काका," ती म्हणाली. "मी तोडलं. मीच."

काका मागे येऊन उभे राहिले, ओळी वाचल्या. रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "ते पत्र किती दिवस सांभाळतात?"

"पाच दिवस. मग बोटीवर परत." तिनं बोटांवर मोजलं. सोमवारी खिडक्या भरलेल्या होत्या तेव्हापासून धरलं तर पाचवा दिवस आजच संपत होता.

त्या यंत्राचं नाव तिनं ओळखीच्यांत टाकलं, त्याला थांबायची अट नाही. नियम बदलायला दोन मिनिटं लागली. आता त्यानं पुन्हा येण्याची वाट बघणं एवढंच उरलं होतं. प्रत्येक नकारानंतर ते जास्त उशिरा यायचं. पहाटे सव्वापाचला येऊन गेलं होतं, त्याआधी रात्री सव्वाअकराला. म्हणजे बाराच्या सुमाराला येऊन जायला हवं होतं आणि आता दुपारचे दोन वाजत होते. नोंदीत बाराचं काहीच नव्हतं. कंटाळून सोडून दिलं असेल? की फेरी आणखी लांबवली असेल?

दोनला वीज गेली. भारनियमनाचीच वेळ होती, साडेपाचपर्यंत. इन्व्हर्टर चालू झाला, पण त्याची बॅटरी जुनी, तासाभरातच कुरकुरायची. काकांनी पंखा बंद केला, दिवा बंद केला, प्रिंटरची पिन काढली. शेवटी पडदाही बंद करू या म्हणाले. "नको," विनया म्हणाली. "तो राहू दे." खोलीत उकडत होतं. मालन दारातच बसली, पदरानं वारा घेत. तिला जायचं होतं, ती गेली नाही.

सव्वातीनला बॅटरी पहिल्यांदा टीं वाजली. काकांनी क्रूसाची खूण केली. विनयानं देवाचं नाव घेतलं नाही, तिला फक्त आकडा दिसत होता. सहा. नऊ. सात. एकेक ओळ वर सरकत होती आणि प्रत्येक ओळ भलत्याच कुणाची होती. मनात ती विघ्नेशला इंजिनरूममध्ये बघत होती, मग डेकवर, मग कुणाच्यातरी बंदुकीसमोर गुडघ्यांवर. तिनं मान झटकली. पुन्हा तेच.

चार वाजून दहा मिनिटांनी ते नाव आलं.

हललं तरी लाइन तुटेल असं विनयाला वाटलं. ओळी भराभर खाली उतरू लागल्या, आत घेतलं, आत घेतलं, आत घेतलं. एकतीस पत्रं. बॅटरी आता सतत वाजत होती. प्रिंटर बंदच होता, म्हणून तिनं पडद्यावरच उघडलं. विघ्नेशची दोन होती. पहिलं सोमवारचं, "जेद्दाला माल उतरायला दहा दिवस गेले, आज रात्री ते पाणी लागतंय," एवढंच आणि बाकी जेवणाबद्दल. तिनं दुसरं उघडलं.

"आई, ते पाणी मागे पडलं. आम्ही सगळे नीट आहोत. पण कॅप्टन म्हणतो तुमच्या गावचं दार चार दिवस उघडतच नाहीये. माझी पत्रं अडकून पडलीत. तिकडे काय झालंय? तुला बरं नाही का? बाबा ठीक आहेत ना? कुणी मुद्दाम कळवत नसेल तर तसं करू नका. काल एक व्हॉल्व्ह उलटा फिरवला, सेकंड इंजिनिअरनं हात धरला म्हणून वाचलो. माझं लक्ष लागत नाहीये."

तिनं ते दोनदा वाचलं. तिच्या पोरानं चाच्यांच्या पाण्यात निभावलं होतं आणि तिच्या बंद दारापाशी येऊन घाबरला होता.

"माज्याचा हाय का?" मालननं विचारलं.

"आहे. प्रीतमचं आहे." तिनं ते मोठ्यानं वाचलं. प्रीतमला मोंबासात चांगला बांगडा मिळाला होता, आईसारखा कालवणात टाकणारं कुणी नव्हतं. मालन डोळे पुसत म्हणाली, "मेल्याला जेवनाशिवाय काय सुचत नाय," आणि पाटी उचलून निघाली.

विनयानं उत्तर लिहिलं. "मी बरी आहे, बाबा बरे आहेत. दार मीच लावलं होतं, माझी चूक झाली. आता उघडलंय. व्हॉल्व्ह फिरवताना व्हॉल्व्हकडे बघ." पाठवलं आणि पलीकडच्या यंत्राचं उत्तर येईपर्यंत पडद्याकडे बघत बसली. दोनशे पन्नास. म्हणजे मिळालं, पुढची जबाबदारी आमची.

तेवढ्यात बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला.

"घरी जा आता," काका म्हणाले.

"त्याची बोट संध्याकाळी सातला उपग्रहाशी बोलते. सातपर्यंत बसते."

"सातला त्यानं उचललं की नाही, ते इथे दिसायचं नाही, विनया."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि काळ्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली.