एसटीत विसरलेली ढेप

माझे वडील, आबा, गडहिंग्लजकडच्या गुऱ्हाळांवर गुळव्या (उकळता रस कधी उतरवायचा ते ठरवणारा कारागीर). हंगामात हातात कला, बाकीचे महिने हातात बाटली. आई लोकांच्या शेतात भांगलायला (तण काढायला) जायची, म्हणून आमची चूल पेटायची. एका रविवारी आबा पिऊन गावच्या चर्चमध्ये शिरले आणि पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) नको ते बोलले. पुढे दारू सुटली, पण अकरा वर्षं त्यांनी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत चर्चमध्ये देतात ती भाकर आणि द्राक्षरस) घेतलं नाही.

"देव काय तुमच्यावर रुसलेला न्हाय," आई म्हणायची.

"आधी कायतरी चांगलं करून दावतो, मग जातो."

यंदा मी बी.कॉम. झाले. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, सांगायला लाज कसली? कोल्हापूरला शिकताना ज्या चर्चमध्ये जायचे, तिथे देवाचे आभार मानायला उपकारस्तुती करायची ठरवली. आबाही तयार झाले, पण स्वतः केलेली गुळाची ढेप घेऊनच.

"मोकळ्या हातानं देवाच्या दारात जाऊ व्हय?"

रविवारी पहिली एसटी धरली. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस आणि आबांच्या मांडीवर फडक्यात बांधलेली ढेप, तान्ह्या लेकरासारखी. कागलला गर्दी वाढली तशी त्यांनी ती सीटखाली सरकवली. कोल्हापूरला उतरून कटवडा खाल्ला. कट इतका जाळ की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. आबा पोट धरून हसले.

चर्चच्या फाटकाशी मात्र ते एकदम थबकले.

"मार्थे, ढेप?"

ढेप एसटीतच राहिली होती. आत घंटा सुरू झाली आणि आबा बाहेरच्या कट्ट्यावर बसले. "तू जा. मी हितंच हाय."

दारात गीतपुस्तकं वाटणाऱ्या सुशीलामावशी बाहेर आल्या. "का वो पावणं, भाईर का?"

"ढेप आनलीती देवाला. इसरली. हात मोकळं हायत."

मावशी मोठ्यानं हसल्या. "आवो, भाकर घ्यायला मोकळंच हात लागत्यात की! ढेप धरून कशात घेनार हुता?"

"मी लई वंगाळ वागलोय, बाई."

"त्याला ठावं न्हाय व्हय? ठावं असूनच बलावलंय. उठा आता, माझं गुडघं दुखत्यात."

आबा उठले. प्रभुभोजनाच्या वेळी पुढे जाऊन त्यांनी गुडघे टेकले आणि रस उकळायच्या काहिलीच्या चटक्यांनी काळे पडलेले दोन्ही तळवे पसरले. मी शेजारीच होते. गीताचा सूर माझ्याकडून पार सुटला, कारण आनंदानं मला हसू आवरत नव्हतं.

परतताना स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत ढेप दिसली.

"नशीब तुमचं, मुंग्यांच्या आधी आमाला घावली," आतले साहेब म्हणाले.

आबांनी ती तिथंच फोडली. अर्धी चर्चसाठी काढून मावशींकडे पोचवली, साहेबांना खडा दिला आणि उरलेली गाडीत वाटत सुटले. "सकाळी भीतीनं आनलीती, आता खुशीनं देतो."

कंडक्टरनं खडा तोंडात टाकत विचारलं, "काय पावणं, पोरगी पास झाली वाटतं?"

"ती मागंच झाली. आज मी झालो, अभ्यास न करता!"

घरी आई दारातच उभी होती. "घेतलंसा?" आबांनी नुसती मान डोलावली.

माझी पदवी मी घाम गाळून मिळवली, तिचा मला अभिमान आहे. आबांना मिळालं ते फुकट, आणि ते माझ्या पदवीपेक्षा मोठं आहे. आता दर रविवारी आबा आमच्या गावच्या त्याच चर्चमध्ये आईशेजारी बसतात.